इनर क्लासमधला ‘धिस’ नक्की कोणाचा? या चुका टाळा

नाशिकमधल्या मुलांचे जावाचे प्रोजेक्ट बघायला घेतले की बाजार समिती हमखास निघते. तेच उदाहरण घेऊ. बाहेर ‘समिती’ हा क्लास, आत ‘लिलाव’ हा इनर क्लास. समितीच्या मेनमध्ये (ती मेथड स्टॅटिक, म्हणजे ऑब्जेक्टशिवाय चालणारी) थेट ‘न्यू लिलाव’ लिहिलं की ‘नॉन-स्टॅटिक व्हेरिएबल धिस’ असं सुरू होणारा एरर येतो. ‘धिस’ म्हणजे चालू ऑब्जेक्ट, आणि इथे तेच नाही. लिलाव लासलगावचा की पिंपळगावचा, हे कंपायलरला कळायला हवं ना! आधी समितीचं ऑब्जेक्ट बनवा आणि त्याच्यावर डॉट लावून ‘न्यू लिलाव’ म्हणा. घाबरून दिसेल त्याला स्टॅटिक लावत सुटू नका. पण लिलावाला समितीचा डेटा लागतच नसेल, तर तो क्लास पहिल्यापासून स्टॅटिकच हवा.

कारण इनर क्लासचं ऑब्जेक्ट बाहेरच्याचा रेफरन्स गुपचूप धरून ठेवतं. लिलावांची स्टॅटिक लिस्ट ठेवलीत, तर त्यांच्यामागे अख्ख्या समित्या मेमरीत अडकून पडतात. हीप डंपमध्ये, म्हणजे मेमरीतल्या ऑब्जेक्टच्या नोंदीत, ‘धिस डॉलर शून्य’ (त्या लपलेल्या रेफरन्सचं नाव) दिसलं की चोर सापडला. जेडीके 18 पासून हा रेफरन्स वापरात नसेल तर कंपायलर सहसा तो ठेवत नाही, पण त्या भरवशावर राहू नये. लिलाव सिरियलायझेबल (फाइलमध्ये साठवता येईल असा) आहे आणि एक्सेप्शनमध्ये मात्र समितीचं नाव येतंय? तिथेही हाच रेफरन्स आडवा येतो.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती पुढची चूक, कारण एररच येत नाही. समितीत ‘गेटनेम’ मेथड आहे, ती ‘लासलगाव’ देते. तुम्ही थ्रेडचा अनॉनिमस, म्हणजे बिननावाचा, क्लास लिहिलात, त्याच्या रनमध्ये गेटनेम छापलं, आणि स्क्रीनवर आलं ‘थ्रेड-0’. थ्रेडची स्वतःची गेटनेम आहे. आतल्या क्लासला ते नाव सापडलं की जावा बाहेर बघतच नाही. समितीची मेथड आर्ग्युमेंट घेणारी असली तरी नाही; मग निदान कंपाइल एरर तरी मिळतो. ‘समिती डॉट धिस डॉट गेटनेम’ लिहा. नाहीतर सरळ लॅम्डा (बाणाच्या खुणेने लिहिलेलं छोटं फंक्शन) द्या: त्यातला ‘धिस’ बाहेरच्याच क्लासचा असतो. म्हणूनच एडिटरने सुचवलं म्हणून अनॉनिमस क्लासचा लॅम्डा करताना आत ‘धिस’ आहे का, ते आधी बघा.

इनर क्लास किंवा लॅम्डाच्या आतून बाहेरच्या मेथडचं लोकल व्हेरिएबल बदलता येत नाही म्हणून एका घराचा अॅरे वापरायची युक्ती चालते. एकाहून जास्त थ्रेड आले की गोत्यात आणते.

दुहेरी महिरपी कंसांनी मॅप भरायची फॅशनही सोडा. तो अनॉनिमस सबक्लास होतो, आणि जीसॉन ही ऑब्जेक्टचं जेसन (डेटाचा मजकुरी फॉरमॅट) बनवणारी लायब्ररी त्याचं जेसन चक्क ‘नल’ देते.

आणि लॅबमधून पेनड्राइव्हवर फक्त ‘समिती डॉट क्लास’ नेऊ नका. अनॉनिमस क्लासची ‘समिती डॉलर एक’ ही वेगळी फाइल असते. ती मागे राहिली तर ऐन डेमोत ‘नो क्लास डेफ फाउंड’ येतो.