बांबोळी ते अमेरिकन वॉर्ड: व्हिसाच्या फाइलची तयारी

‘मॅच होऊ दे, व्हिसाचं मग बघू’ असं अमेरिकेत रेसिडेन्सी, म्हणजे एमबीबीएसनंतरचं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण, करायला निघालेल्यांत गोमेकॉच्या (बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या) होस्टेलवर सर्रास म्हटलं जातं. पण मॅचचा, म्हणजे कुणाला कुठल्या हॉस्पिटलच्या प्रोग्रॅममध्ये जागा मिळाली याचा, निकाल मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी लागतो आणि १ जुलैला वॉर्डात हजर व्हायचं असतं. मधल्या साडेतीन महिन्यांत करार, दिल्लीचं पत्र, मुंबईची मुलाखत आणि विमानाचं तिकीट एवढं सगळं उरकायचं. शिवाय जे-वन (शिकायला येणाऱ्यांचा एक्स्चेंज व्हिसा) घ्यायचा की एच-वन-बी (नोकरीचा व्हिसा), हा निर्णय तोवर हातातून गेलेला असतो. तो कुठल्या प्रोग्रॅमला अर्ज केला आणि स्टेप थ्री (अमेरिकन डॉक्टरी परवान्याच्या यूएसएमएलई परीक्षेचा शेवटचा टप्पा) वेळेत दिली की नाही यावरच ठरून जातो. म्हणून इंटर्नशिपला लागतानाच ही यादी हाताशी घ्या.

सुरुवात नावापासून करा. दहावीचं प्रमाणपत्र, गोवा विद्यापीठाची डिग्री, गोवा मेडिकल कौन्सिलची नोंदणी, पासपोर्ट आणि जन्मदाखला टेबलावर शेजारीशेजारी मांडून इंग्रजी स्पेलिंग अक्षर-अक्षर ताडून बघा. गोव्यात हे काम जास्त जिकिरीचं आहे. एका ज्युनियरची फाइल उघडली तर जन्मदाखल्यावर आडनाव ‘केरकर’ पोर्तुगीज वळणाने, क्यू-यू-ई-आर घालून. शाळेच्या दाखल्यावर साधं के-ई-आर. आणि पासपोर्टवर वडलांचं नाव मधे घातलेलं, जे डिग्रीवर कुठेच नाही. माणूस एकच, कागदावर तिघे. तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे दुरुस्ती होते, आणि नावच बदलून घ्यायचं असेल तर १९९० चा गोव्याचा नाव-आडनाव बदलाचा कायदा आहे. दोन्हीला वेळ लागतो, म्हणून यूएसएमएलईचा अर्ज भरण्याआधी हे संपवा. एकदा ईसीएफएमजीकडे (परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना तपासून सर्टिफिकेट देणाऱ्या अमेरिकन संस्थेकडे) एक नाव गेलं की पुढे सगळीकडे तेच चिकटतं. पासपोर्टची मुदतही याच वेळी बघून घ्या.

कॉलेजच्या मान्यतेची काळजी गोमेकॉवाल्यांनी करू नये. ईसीएफएमजी आता कॉलेजला मान्यता देणारी संस्था डब्ल्यूएफएमईने (वैद्यकीय शिक्षणाच्या जागतिक महासंघाने) स्वीकारलेली आहे का हे बघतं, आणि आपल्या एनएमसीला (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला) ती मान्यता २०२३ मध्ये १० वर्षांसाठी मिळालेली आहे. एमबीबीएस परदेशात केलेल्यांनी मात्र आपल्या कॉलेजच्या देशाचं काय, ते स्वतः तपासावं.

आता मुख्य प्रश्न. जे-वनमध्ये तुमचा प्रायोजक हॉस्पिटल नसून ईसीएफएमजी असतं. कागद ठरलेले, प्रोग्रॅमला खर्च जवळजवळ नाही, म्हणून बहुतेक प्रोग्रॅम जे-वन आनंदाने घेतात. मुदत सगळं धरून ७ वर्षं, डीएस-२०१९ (जे-वनसाठी प्रायोजकाने द्यायचा फॉर्म) दरवर्षी नवा, आणि बाहेर जादा ड्यूटी करून पैसे कमावायला बंदी. खरी गोम शेवटी आहे: प्रशिक्षण संपलं की २ वर्षं मायदेशी राहावं लागतं, त्याशिवाय एच-वन-बी किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने आपल्या ‘स्किल्स लिस्ट’मधून (कुठल्या देशाला कुठल्या कामाची माणसं परत हवीत याच्या यादीतून) भारताचं नाव काढलं. ते वाचून ही अट गेली असं समजू नका. बहुतेक इंजिनियर, संशोधक यांच्यासाठी ती सुटली. रेसिडेन्सी करणाऱ्या डॉक्टरवर ती कायद्यानेच आहे, यादीत देश असो वा नसो. भारत सरकारकडून ना-हरकत आणून सुटका करून घ्यायचा मार्गही डॉक्टरांना बंद आहे. उरतो तो मुख्यतः कॉनराड वेव्हर, म्हणजे या अटीतून सूट. प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा, डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात ३ वर्षं नोकरी, तीही एच-वन-बीवर. पेडण्या-सांग्याच्या आरोग्यकेंद्रात रमलेल्या माणसाला हे जड जाऊ नये. पण बॉस्टन किंवा न्यूयॉर्क डोक्यात धरून निघालेल्याने हे आधीच मनाशी ठरवलेलं बरं.

एच-वन-बीला ही मायदेशाची अट नाही, म्हणून सगळ्यांचा डोळा त्यावर. पण त्यासाठी स्टेप थ्री पास झालेली हवी, आणि ही परीक्षा फक्त अमेरिकेतच देता येते, तीही ईसीएफएमजीचं सर्टिफिकेट मिळाल्यावर. म्हणजे आधी बी-वन-बी-टू (तात्पुरत्या भेटीचा) व्हिसा काढा, दोन दिवसांची परीक्षा तिथे जाऊन द्या, आणि निकाल हॉस्पिटलच्या वकिलाला वेळेत मिळेल अशी तारीख घ्या. एकूण ६ वर्षांची मर्यादा लक्षात ठेवा: ३ वर्षं मेडिसिन आणि ३ वर्षं कार्डिऑलॉजी केली की ती संपलीच. जे-वनची वर्षं मात्र या सहात धरत नाहीत. युनिव्हर्सिटी आणि तिच्याशी जोडलेली ना-नफा हॉस्पिटलं एच-वन-बीच्या लॉटरीतून मोकळी असतात, हा एक दिलासा. त्यावर सप्टेंबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने पाणी टाकलं. अमेरिकेबाहेर असलेल्या उमेदवाराच्या नव्या अर्जासाठी १ लाख डॉलर मालकाने भरायचे. घोषणा १२ महिन्यांची होती, पण पुढे वाढवता येण्याजोगी, तेव्हा अर्जाच्या सीझनला तिची स्थिती काय आहे हे प्रोग्रॅम कोऑर्डिनेटरला ईमेलने विचारा. पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटसाठी एखादं हॉस्पिटल एवढी रक्कम मोजेल यावर बेत आखण्यात अर्थ नाही. माझं मत स्पष्ट आहे: यादीतले बहुतेक प्रोग्रॅम जे-वन घेणारे ठेवा, आणि त्याशिवाय एच-वन-बी देणारे आठ-दहा ठेवायचे तर स्टेप थ्री खिशात असेल तरच. एक्सेलमध्ये प्रोग्रॅमच्या नावापुढे व्हिसाचा कॉलम पहिल्या दिवसापासून ठेवा. माहिती त्या-त्या प्रोग्रॅमच्या वेबसाइटवरूनच घ्या; टेलिग्रामच्या ग्रुपवर फिरणाऱ्या याद्या बऱ्याचदा शिळ्या असतात.

गोव्यातल्या घरांत आणखी एक फाटा फुटतो, तो पोर्तुगालचा. आजोबा १९६१ पूर्वी इथे जन्मलेले, त्यांचा जन्म लिस्बनला नोंदवला, मग वडील, मग आपण. लाल पासपोर्ट हाती आला की भारतीय नागरिकत्व सुटतं, भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो आणि ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) काढावं लागतं. रेसिडेन्सीच्या मधे हा घोळ घालू नका. ग्रीन कार्डची रांग नागरिकत्वावर ठरत नाही, जन्म कुठल्या देशात झाला यावर ठरते. म्हापशात जन्मलेला माणूस पोर्तुगीज पासपोर्ट घेऊनही भारताच्याच रांगेत उभा राहतो. या पासपोर्टचा खरा उपयोग जर्मनीसारख्या युरोपियन युनियनच्या देशात. तिथे व्हिसा लागणार नाही, पण डिग्री भारताचीच म्हणून भाषेची आणि ज्ञानाची परीक्षा चुकत नाही. ब्रिटनमध्ये २०२१ पासून नव्याने जाणाऱ्या पोर्तुगीजालाही आपल्यासारखाच व्हिसा काढावा लागतो.

मॅच लागल्या आठवड्यात दिल्लीचं काम सुरू करा. जे-वनसाठी आपल्या सरकारचं ‘स्टेटमेंट ऑफ नीड’ (देशाला या विषयाच्या डॉक्टरांची गरज आहे असं पत्र) लागतं, भारतीयांना ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडून मिळतं. शिकून परत येईन असं लिहूनही द्यावं लागतं. पत्रावर स्पेशालिटीचं नाव करारात आहे तसंच्या तसं आहे ना, हे ईसीएफएमजीला पाठवण्यापूर्वी बघा, आणि फेलोशिपला वेगळ्या विषयात गेलात तर नवं पत्र लागेल हेही धरून चला. गोव्यात सरकारी सेवेचा बाँड लिहून दिला असेल तर तो काढून पुन्हा वाचा, काय देणं बाकी आहे ते कळेल.

लग्न झालेलं असेल तर फाइल दोन माणसांची. देवळात किंवा हॉलमध्ये अक्षता पडल्या तरी गोव्यात सिव्हिल रजिस्ट्रारपुढची दुसरी सही होईपर्यंत लग्नाची नोंद पुरी होत नाही. पहिली सही करून दुसरी राहून गेलेली जोडपी असतात. जे-टू (जे-वनवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेल्या जोडीदाराला तिथे पोहोचल्यावर कामाचा परवाना मागता येतो; एच-फोरवर (एच-वन-बीवाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर) सहसा घरीच बसावं लागतं. दोघं डॉक्टर असाल तर हा मुद्दा पगारापेक्षा मोठा ठरतो. मात्र २ वर्षांची अट जे-टूलाही लागते.

मुलाखत मुंबईला, बीकेसीच्या वकिलातीत, आणि बोटांचे ठसे त्याआधी वेगळ्या केंद्रात. व्हिसाचे १८५ डॉलर आणि सेविसचे (परदेशी विद्यार्थी-प्रशिक्षणार्थींची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन यंत्रणेचे) २२० डॉलर भरून दोन्ही पावत्या छापून ठेवा. डीएस-१६० मध्ये (व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात) मागच्या ५ वर्षांतली सोशल मीडियाची खाती लिहायची असतात, आणि जून २०२५ पासून जे-वनवाल्यांना ती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवायला सांगितलं जातं. जुनं इन्स्टा विसरू नका. मुलाखत जूनवर गेली तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक त्याच महिन्यात लागतं, दरड कोसळली की गाडी कुठे अडकेल सांगता येत नाही; एक दिवस आधी पोहोचा. फोन आणि मोठी बॅग आत नेता येत नाही, तेव्हा बाहेर सांभाळायला कुणाला तरी बरोबर घ्या. व्हिसा लागलेला पासपोर्ट हातात येईपर्यंत विमानाचं तिकीट काढू नका. डीएस-२०१९ वरच्या तारखेच्या ३० दिवस आधीपासून अमेरिकेत उतरता येतं, आणि बहुतेक हॉस्पिटलांत ओरिएंटेशन जूनच्या मध्यालाच सुरू होतं.