‘घरातच असते’ असं वहीत लिहू नका

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात मी महिला संघाची वही लिहिते. गावातल्या बायकांच्या कामाची मोजणी पहिल्यांदा केली, तेव्हा दारोदार एकच विचारत सुटले, "काम काय करता?" उत्तरही एकच आलं, "काय नाही गे, घरातच." सांगणाऱ्या एकीचे हात शेणाने भरलेले होते, दुसरी सुपात काजू निवडत होती. आणि मी मुकाट ‘घरातच’ लिहून घेतलं! ती वही फुकट गेली.

म्हणून तुमच्या गावात अशी मोजणी करणार असाल तर आधी प्रश्न बदला. "काल उठल्यापासून काय काय केलं?" असं विचारा. घड्याळ लावून विचारू नका. पहिल्या बसच्या आधी, डेअरीच्या वेळेला, पोरं शाळेला गेल्यावर, असं विचारलं की भराभर आठवतं. केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीतही आदल्या पहाटे 4 पासून 24 तास, अर्ध्या अर्ध्या तासाने विचारतात. 2024 च्या पाहणीत आपल्या घरचं काम करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी 289 मिनिटं बिनपगारी घरकामात गेले, पुरुषाचे 88. हा देशाचा आकडा झाला. तुमच्या गल्लीचा तुम्हालाच काढावा लागेल.

सून सांगत असताना सासूबाई शेजारी असतील तर त्या दिवशी चहा पिऊन परत या. आणि त्याच घरातल्या एका पुरुषालाही तेच प्रश्न विचारा. मी ते केलं नव्हतं, त्यामुळे तुलना करायला हातात काहीच नव्हतं, नुसती बायकांची यादी. एकदाच विचारून भागतही नाही. भाताची रोप लावणी, सुगी, काजूचा हंगाम, प्रत्येक वेळेला बाईचा दिवस वेगळा असतो. जनगणनेत वर्षाला 6 महिन्यांपेक्षा कमी काम असलं की ‘सीमांत’, म्हणजे थोडेच दिवस काम करणारी, असं धरतात. हंगामी मजुरी करणाऱ्या कितीतरी जणी त्यातच जातात.

नाव लिहू नका, घराला नंबर द्या. मग चार रकाने पाडा: काम कुठलं, पैसे मिळाले का, ते कुणाच्या खात्यात गेले, आणि शेताच्या उताऱ्यावर नाव कुणाचं.

तिसऱ्या रकान्याने आमचे डोळे उघडले. वैरण बाई आणते, धार बाई काढते, कॅन डेअरीत बाईच नेते, पण डेअरीच्या पुस्तकात नाव नवऱ्याचं. दुधाचं बिल त्याच्या खात्यात, सरकारचं लिटरमागे 5 रुपये प्रोत्साहनधन पण तिकडेच. उद्या ती म्हशीसाठी कर्ज मागायला बँकेत गेली तर दाखवणार काय? तिच्या नावावर दुधाचा थेंब नाही. आम्ही हा तक्ता घेऊन घरोघरी बसलो. बहुतेक पुरुष म्हणाले, "पैसा घरातच येतोय की!" त्यावर आमच्या आक्का म्हणाल्या, "मग तिच्या नावावर केलं तरी घरातच येईल की." चार घरांनी सभासदाचं नाव बदललं. चारच.

तक्ता मराठीत करा, पण कचेरीत द्यायचं निवेदन कन्नडात लिहून न्या. कॉलेजला जाणारी एखादी पोर अर्ध्या तासात लिहून देते. एका निवेदनात एकच मागणी ठेवा, नाहीतर साहेब सगळ्यात सोपी तेवढी उचलतात. निवेदनाला तक्त्याची झेरॉक्स जोडा आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.

बसचं एक सांगून ठेवते. 11 जून 2023 पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत आपल्याला, बायकांना, बस फुकट आहे म्हणून बऱ्याच जणी तिकीटच मागत नाहीत. शून्य रुपयाचं ते तिकीट मागून घ्या. कुठल्या वेळेच्या बसला किती बायका चढल्या याची नोंद तिथेच होते, आणि भाजी घेऊन बाजारला जायला सकाळी लवकरची गाडी मागायची तर हीच नोंद कामाला येते. चंदगडकडे बाजार करणाऱ्यांनी मात्र वेगळा हिशेब धरा: शक्ती कर्नाटकाच्या हद्दीपुरतीच, पलीकडे महाराष्ट्राच्या एसटीत अर्धं तिकीट.

पुढची मोजणी रोप लावणी झाल्यावर ठेवलीय. यंदा एक रकाना वाढवलाय: म्हैस विकायची झाली तर कोण कुणाला विचारतं?