प्रयोगवहीत या चुका टाळा: नाशिकचे पाणी १०० अंशांवर उकळत नाही

नाशिकमधील शाळांत पाण्याचा उत्कलनबिंदू मोजण्याचा प्रयोग झाला की बहुतेक विद्यार्थ्यांच्या वहीत १०० अंश सेल्सिअस हाच आकडा आढळतो, आणि त्यावर बरोबरची खूणही होते. वास्तविक हा आकडा समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबासाठी आहे. नाशिक शहर सुमारे ६०० मीटर उंचीवर वसलेले आहे. उंची वाढते तसा हवेचा दाब घटतो आणि दर ३०० मीटरमागे पाणी साधारण १ अंशाने कमी तापमानाला उकळते, म्हणून येथे थर्मामीटर ९८ अंशांच्या आसपास स्थिरावला पाहिजे. ज्याने ९८ लिहिले त्याचा प्रयोग बरोबर झाला. ज्याने १०० लिहिले त्याने बहुधा थर्मामीटरकडे न पाहता पुस्तकाकडे पाहिले.

९८ हे वाचन आले म्हणजे थर्मामीटर बिघडला, असे विद्यार्थी लगेच म्हणतात. ही शंका योग्य आहे, परंतु तिची तपासणी करता येते. बारीक केलेला बर्फ वितळू लागला की थर्मामीटरचा फुगा त्यात पूर्ण बुडवून काही मिनिटे ठेवावा. बर्फाच्या वितळण्यावर एवढ्या उंचीचा जाणवण्याजोगा परिणाम होत नाही, त्यामुळे तेथे ० अंशच दिसले पाहिजेत. तेथे २ अंश दिसले तर थर्मामीटर बदलावा आणि तेही शक्य नसल्यास ही त्रुटी वहीत नोंदवावी. पाणी उकळत असताना फुगा चंचुपात्राच्या तळाला टेकलेला असणे ही दुसरी नेहमीची चूक आहे, कारण ज्योतीमुळे तापलेला तळ वाचन वाढवतो.

असाच प्रकार काठीच्या सावलीबाबत घडतो. सर्वांत आखूड सावली दुपारी १२ वाजता पडते, असे गृहीत धरून मुले नेमकी त्याच वेळी एक खूण करतात आणि प्रयोग आटोपतात. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते, तर नाशिक ७३.८ अंशांच्या जवळ आहे. एका अंशामागे ४ मिनिटे धरली तर सूर्य येथे सुमारे ३५ मिनिटे उशिरा माथ्याच्या रेषेत येतो. त्यातही ऋतूनुसार फरक पडतो: नोव्हेंबरच्या आरंभी ही वेळ १२ वाजून २० मिनिटांच्या जवळ येते, तर फेब्रुवारीच्या मध्यास १२ वाजून ५० मिनिटांपर्यंत जाते. म्हणून १२ ते १ या तासात दर ५ मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावी आणि सर्वांत आखूड सावली कोणती, ते खुणांवरूनच ठरवावे. काठी सरळ उभी आहे की नाही हे ओळंब्याने पाहावे. जूनमध्ये ढग नसलेला दिवस मिळाला आणि त्या वेळची सावली दक्षिणेकडे पडलेली दिसली, तर खूण खोडू नये. मेच्या तिसऱ्या आठवड्यानंतर जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य नाशिकच्या किंचित उत्तरेकडे असतो.

निरीक्षण आणि अनुमान यांची सरमिसळ हा सर्वांत चिवट दोष आहे, आणि तो शिक्षकांच्या लेखनातही सापडतो. नांदूरमधमेश्वरच्या सहलीनंतर ‘चमचा पक्षी भुकेला होता’ असे वाक्य निरीक्षणाच्या रकान्यात येते. दिसले ते एवढेच की पक्ष्याने चोच उथळ पाण्यात घालून ती डावी-उजवीकडे फिरवली. तो अन्न शोधत असावा, हे अनुमान झाले. भूक तर कोणीच पाहिलेली नसते. वहीचे पान उभे विभागून डावीकडे ‘काय दिसले, ऐकू आले, मोजले’ आणि उजवीकडे ‘त्यावरून काय वाटते’ असे लिहिण्याची सवय लावल्यास हा घोळ बराच कमी होतो. उजवीकडच्या प्रत्येक वाक्याला डावीकडचा एक तरी आधार दाखवता आला पाहिजे.

वर्गीकरणात चूक होते ती निकष बदलल्यामुळे. द्राक्षांचे ‘काळी, लांबट आणि बिनबियांची’ असे तीन गट केले तर एकच मणी तिन्ही गटांत बसतो. आधी फक्त रंग घ्यावा, मग प्रत्येक रंगाच्या गटात आकार पाहावा आणि त्यानंतर बिया. (चव हा निकष प्रयोगशाळेत वापरायचाच नाही, मग द्राक्षे कितीही मोहात पाडोत.)

मापनातील चुका परिचयाच्या आहेत. टोक झिजलेल्या पट्टीने ० पासून मोजू नये. १ पासून मोजून उत्तरातून १ वजा करावा. मोजपात्रातील पाण्याची पातळी डोळा त्याच उंचीवर आणून खोलगट भागाच्या तळाशी वाचावी. मिलिमीटरच्या खुणा असलेल्या पट्टीने ४.३, ४.४ आणि ४.३ सेंटिमीटर अशी वाचने आली असतील, तर कॅल्क्युलेटरवरील ४.३३३३ ही सरासरी म्हणून न लिहिता ४.३ लिहावे, पट्टीला जे दिसत नाही ते भागाकारातून मिळत नाही.

मटकीला मोड आणण्याच्या प्रयोगात एक वाटी उन्हात पाण्यासह आणि दुसरी कपाटात कोरडी ठेवली जाते, आणि ‘प्रकाशामुळे मोड आले’ असा निष्कर्ष निघतो. येथे पाणी आणि प्रकाश या दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या, त्यामुळे कारण कोणते हे सांगता येत नाही. दोन्ही वाट्यांत एकाच पिशवीतील २० दाणे, सारखाच ओला कापूस आणि शक्य तितके सारखे तापमान ठेवून फक्त एका वाटीवर अपारदर्शक डबा पालथा घालावा. किती दाण्यांना मोड येतील याचे भाकीत कारणासह प्रयोगापूर्वी पेनाने लिहावे. अंधारातील वाटीतही मोड आले की बरीच मुले ते भाकीत खोडायला निघतात. ते तसेच ठेवून त्याखाली प्रत्यक्ष संख्या आणि दिनांक लिहायला सांगावे.