कांचन लावताय? आधी या चुका टाळा

अमेरिकेतल्या पोरांनी रेडबडचे फोटो पाठवले की इकडं लगेच विचारणा सुरू, हे झाड आपल्याकडं मिळतं काय हो? पान नसलेल्या फांद्यांवर, अगदी जुन्या खोडावरसुद्धा गुलाबी फुलं बघून कुणालाही हवंसं वाटणारच. पण रेडबडला कित्येक आठवडे कडक थंडी मिळाली तरच कळ्या नीट फुटतात, बेळगावच्या थंडीत ते भागत नाही. त्यापेक्षा त्याच कुळातला आपला कांचन लावा की. थंडी सरताना पानं झाडतो आणि सगळं झाड फुलांनी भरतं.

आता चुका. सगळ्यात मोठी काळ्या मातीतला खड्डा. आत्याचं घर वडगावकडं, मागं भाताचं शिवार, माती काळी चिकट. मी तिथं पहारीनं तीन फूट खड्डा काढला, काळी माती फेकून दिली, खानापूरकडची तांबडी माती आणि शेणखत भरलं आणि मिरगाला कांचन लावला. आषाढात पाऊस लागला आणि सगळ्या परड्यातलं पाणी त्या भुसभुशीत खड्ड्यात उतरलं, बाजूची काळी माती ते शोषेना, म्हणजे आम्ही झाडासाठी हौदच बांधला होता. पानं पिवळी पडली तर शेजारच्यांनी सांगितलं खत कमी पडलंय, म्हणून आत्यानं युरिया टाकला. श्रावणात हातानं ओढलं तर रोप सरळ वर आलं, मुळं काळी आणि कुजका वास. फार वाईट वाटलं, आत्या रोज त्या रोपाशी बोलायची.

पुढच्या वर्षी खड्डाच काढला नाही. तिथलीच माती ओढून दीड फूट उंच, चार-पाच फूट रुंद उंचवटा केला, थोडं शेणखत मिसळलं आणि त्यावर रोप लावलं. तेच आज फुलतंय. तेव्हापासून कुठंही लावायच्या आधी मी छोटा खड्डा काढून बादलीभर पाणी ओततो, दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर उंचवटा करायचाच. टिळकवाडीकडं तांबडी माती असेल तिथं एवढा त्रास नाही, पण बैलहोंगल, गोकाककडच्या लोकांनी हे अजिबात विसरू नये.

दुसरी चूक घाईची. नर्सरीत गेलं की सगळ्यांना आठ फुटी झाडच पाहिजे, यंदाच फुलं पाहिजेत. ते झाड छोट्या पिशवीत दोन-तीन वर्षं अडकलेलं असतं, सोटमूळ तळाला गोल गोल फिरलेलं, आणि जमिनीत लावलं तरी ते मूळ तसंच फिरत राहतं. मग एखाद्या वळवाच्या वाऱ्यात झाड मुळासकट आडवं. मी फूट-दीड फुटाचं रोप घेतो, पिशवी कापून मुळं बघतो, गुंडाळलेली असतील तर सरळ कातरतो. खरं तर बी रात्रभर भिजवून जागेवरच दोन-तीन पेरावं, आठवडा-दोन आठवड्यांत उगवतं आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी फुलायला लागतं. तेवढं थांबायची तयारी नसेल तर झाडाच्या नादी लागू नये, कुंडीत झेंडू लावावा.

छाटणी डिसेंबर-जानेवारीत नको, कळ्यांच्या फांद्याच जातात. फुलं संपली की लगेच, पावसाच्या आधी करा.

थंडीत रोज पाणी देऊ नका, पानं टिकून राहतात आणि फुलं कमी येतात.

खोडाला मातीचा ढीग लावू नका, साल कुजते.

गडद जांभळ्या मोठ्या फुलांचा, हाँगकाँगच्या झेंड्यावर आहे तो कांचन पाहिजे असेल तर बिया शोधू नका, त्याला शेंगाच धरत नाहीत. कलमच घ्यावं लागतं.

आणि दसऱ्याला आपटा म्हणून कांचन ओरबाडणं बंद करा. आपट्याचं पान लहान, जाडसर असतं. मागच्या दसऱ्याला आमच्या गल्लीतल्या पोरांनी कांचनाची मुख्य फांदीच मोडली, मी फाटलेली साल करवतीनं साफ कापून दिली तर बाजूनं नवे फुटवे आले, त्यातले दोनच ठेवलेत.