पर्यावरणीय न्यायावर काम करताय? मग ते विकिपीडियावर कसं न्यायचं ते बघा

कुठल्याही मोठ्या धरणाचं, वीज प्रकल्पाचं किंवा केमिकल कारखान्याचं विकिपीडिया पान उघडा. क्षमता किती, खर्च किती, उद्घाटन कोणी केलं हे बहुतेक वेळा सगळं मिळतं, पण राख कोणाच्या वस्तीवर उडते, गाव कोणाचं उठवलं, विहिरी कोणाच्या नासल्या, म्हणजे प्रकल्पाचं ओझं कोणाच्या माथी बसतं हा जो पर्यावरणीय न्यायाचा मूळ प्रश्न, त्यावर एक ओळ नसते, आणि असलीच तर पार तळाशी "वाद" अशा मथळ्याखाली कोंबलेली असते. आता ही माहिती कुठेच नाही असं नाही हो, ती रिसर्च पेपरांत आहे, सरकारी रिपोर्टांत आहे, कोर्टाच्या निकालांत आहे, फक्त ते सगळं वाचलेली माणसं म्हणजे तुम्ही, आणि शाळेतली मुलं, पत्रकार, प्रकल्पाला खेटून राहणारे लोक मात्र पहिल्यांदा विकिपीडियाच उघडतात.

सुरुवात सोपी आहे. स्वतःचं अकाउंट काढा, संस्थेच्या नावाने काढू नका, ते चालत नाही. इंग्रजी विकिपीडियावर थेट नवीन लेख बनवायचा तर अकाउंट ४ दिवस जुनं आणि निदान १० एडिट झालेले लागतात, तेवढ्या वेळात कुठे तुटकी लिंक दुरुस्त कर, कुठे संदर्भ जोड, असं करत हात बसवून घ्या. मोठा मजकूर आधी धूळपाटीवर (सँडबॉक्स, म्हणजे विकिपीडियावरचं तुमचं सरावाचं पान) लिहा, तिथे कितीही खोडाखोड केली तरी कोणाला त्रास नाही.

मग प्रश्न येतो कुठे लिहायचं. तज्ज्ञ माणूस आला की पहिल्यांदा "पर्यावरणीय न्याय" याच लेखावर जातो आणि तिथे सिद्धांताचे चार परिच्छेद घालतो. माझं स्पष्ट मत आहे की तो लेख थोडा बाजूला ठेवा. खरी पोकळी इतर पानांवर आहे, नदीच्या पानावर, शहराच्या पानावर, लँडफिलच्या (कचरा पुरायच्या जागेच्या), रिफायनरीच्या, शिशाच्या विषबाधेच्या, उष्णतेच्या लाटेच्या पानावर. हवेच्या प्रदूषणाच्या लेखात कण किती मायक्रॉनचे ते असतं, पण ते कण कोणाच्या फुफ्फुसात जास्त जातात हे पण त्याच लेखात यायला हवं, आणि त्यावर भरपूर अभ्यास छापून आलेत. अशा पानावर नीट संदर्भ देऊन घातलेली तीन वाक्यं सिद्धांताच्या दोन पानांपेक्षा जास्त लोक वाचतात.

आता लिहायचं कसं, कारण इथेच बहुतेकांचे एडिट उडतात. विकिपीडियाचे तीन नियम डोक्यात ठेवा, तटस्थ लिहायचं, प्रत्येक गोष्ट आधी प्रसिद्ध झालेल्या विश्वासार्ह सोर्सवरून पडताळता आली पाहिजे आणि स्वतःचं नवीन संशोधन किंवा निष्कर्ष तिथे मांडायचा नाही. तुम्ही त्या विषयातले प्रोफेसर आहात म्हणून तुमचं वाक्य टिकत नाही, सोर्स आहे म्हणून टिकतं. तुमच्या ज्ञानाचा उपयोग कुठला सोर्स धरायचा, कुठला सोडायचा आणि त्यात नेमकं काय म्हटलंय हे ओळखण्यात आहे, आणि ते बाहेरच्या माणसाला जमत नाही.

एक उदाहरण घेऊ. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातली वॉरेन काउंटी, पर्यावरणीय न्यायाच्या चळवळीचा उल्लेख आला की हे नाव येतंच. समजा तुम्ही लिहिलं, "सरकारने गरीब कृष्णवर्णीयांना कस्पटासमान मानून त्यांच्या माथी विष मारलं." हे वाक्य तासभरही टिकणार नाही. तेच असं लिहा: "१९८२ मध्ये पीसीबी या विषारी रसायनाने दूषित झालेली माती पुरण्यासाठी वॉरेन काउंटीत लँडफिल करण्यात आलं. काउंटीतली बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीय होती. याविरुद्धच्या आंदोलनात ५०० हून जास्त लोकांना अटक झाली. १९८३ च्या सरकारी पाहणीत आग्नेय अमेरिकेतल्या तपासलेल्या ४ घातक कचऱ्याच्या लँडफिलपैकी ३ कृष्णवर्णीय बहुसंख्य वस्त्यांत असल्याचं आढळलं." प्रत्येक वाक्यामागे संदर्भ जोडा. यात एकही भडक विशेषण नाही पण वाचणाऱ्याला जे कळायचं ते कळतं, आणि कोणी काढायला गेलं तर त्याला कारण द्यावं लागतं. त्याच्यापुढे घातक कचरा आणि वंश यांच्या संबंधावरचा १९८७ चा युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट या अमेरिकन चर्चचा अहवाल, पर्यावरणीय न्यायावरचा राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांचा १९९४ चा कार्यकारी आदेश १२८९८ अशी साखळी लावत गेलात की लेखाला आपोआप आकार येतो.

आकड्यांचं जरा जास्त जपा. भोपाळचंच बघा, १९८४ च्या वायुगळतीतल्या मृत्यूंचा सरकारचा सुरुवातीचा आकडा २,२५९, नंतर मध्य प्रदेश सरकारने मान्य केलेला ३,७८७, आणि इतर अंदाज याच्या कितीतरी पुढे जातात. यातला तुम्हाला पटणारा एक आकडा उचलून "इतके मेले" असं लिहिलं की भांडण सुरू. आकडा कोणाचा, कधीचा, त्यात तत्काळ झालेले मृत्यू धरलेत की नंतरचे पण, हे वाक्यातच लिहा आणि सगळे आकडे शेजारी शेजारी ठेवा. आकड्यांत एवढा फरक का पडतो यावर कोणी अभ्यास छापला असेल तर तोही घाला, बाधित लोकांच्या बाजूने हेच सगळ्यात भक्कम काम होतं.

सगळ्यात अवघड भाग म्हणजे लोकांच्या तोंडची माहिती. वस्तीतल्या बायका वर्षानुवर्षं सांगतात की पाण्याला वास येतो, मुलांच्या अंगावर चट्टे उठतात, आणि विकिपीडिया विचारतो सोर्स कुठाय. ज्यांचं म्हणणं कोणी छापलंच नाही त्यांचं पानावर येत नाही, हा अन्याय आहेच, पण त्यावर उपाय म्हणून तुमच्या फील्ड नोट्स थेट लेखात टाकू नका, त्या काढल्या जातील आणि वर तुमच्यावरचा विश्वासही जाईल. त्यापेक्षा हे म्हणणं आधीच कुठे नोंदवलं गेलंय ते शोधा, स्थानिक भाषेतल्या पेपरच्या बातम्या, विद्यापीठाने छापलेली पुस्तकं, मुलाखतींवर आधारलेले पेपर, संसदीय समितीचे अहवाल. सोर्स इंग्रजीच हवा असा काही नियम नाही, स्थानिक भाषेतली विश्वासार्ह बातमी चालते, आणि ती भाषा येणारी माणसं कमी असतात म्हणून तुमची गरज जास्त. जनसुनावणीची कागदपत्रं आणि कोर्टाची रेकॉर्डं जपून वापरा, त्यांचा अर्थ स्वतः लावत बसू नका. शिवाय बाधित माणसाचं नाव किंवा आजाराची माहिती लिहायची नाही, तो कार्यकर्ता म्हणून आधीच सार्वजनिक आयुष्यात असेल तरच नाव घ्यायचं. आणि कुठेच काही छापलेलं नसेल तर आधी तुम्ही ते रिव्ह्यू होणाऱ्या जर्नलमध्ये आणा, शक्यतो सगळ्यांना फुकट वाचता येईल अशा, मग दुसरं कोणीतरी ते वापरेल.

स्वतःचा पेपर संदर्भ म्हणून द्यायचा का? मुद्द्याला धरून असेल तर द्या, पण दर दुसऱ्या वाक्यात तुमचंच नाव दिसायला लागलं की ती जाहिरात होते. तुम्ही त्या केसमध्ये वादी असाल, सल्लागार असाल किंवा त्या संस्थेत कामाला असाल तर लेखाला हात न लावता त्याच्या चर्चा पानावर (प्रत्येक लेखाला जोडलेलं, संपादकांनी आपसात बोलायचं पान) लिहा, "माझा या प्रकरणाशी असा संबंध आहे, हे वाक्य आणि हे सोर्स घालावेत असं वाटतं." पगारी काम म्हणून एडिट करत असाल तर तसं जाहीर करणं सक्तीचंच आहे. आणि तुमच्याच पेपरमधले परिच्छेद कॉपी पेस्ट करू नका, त्याचे हक्क बऱ्याचदा प्रकाशकाकडे असतात.

एडिट उडाला तर लगेच परत घालू नका, इंग्रजी विकिपीडियावर २४ तासांत एकाच पानावर दुसऱ्यांचे बदल तीनपेक्षा जास्त वेळा उलटवले तर ब्लॉक होऊ शकता. इतिहास टॅबवर जाऊन समोरच्याने कारण काय दिलंय ते वाचा आणि चर्चा पानावर शांतपणे सोर्स मांडा. कधीकधी समोरचा बरोबर असतो, तुमचं वाक्य सोर्सच्या पुढे गेलेलं असतं. तुम्ही पण प्रत्येक एडिटला सारांश लिहा, "विस्थापनाची माहिती, दोन संदर्भांसह" एवढं पुरतं.

भाषा साधी ठेवा. "वितरणात्मक न्याय" लिहिलात तर पुढेच सांगा की प्रदूषणाचं ओझं कोणाच्या वाट्याला किती येतं याचा तो प्रश्न आहे, "प्रक्रियात्मक न्याय" म्हणजे निर्णय घेताना त्या लोकांना विचारलं की नाही याचा.

मराठीत आणायचं असेल तर विकिपीडियाचं भाषांतराचं टूल वापरा पण मशीनने दिलेलं तसंच ढकलू नका, एकेक वाक्य मराठीत परत लिहा आणि मूळ संदर्भ उघडून बघा, कारण इंग्रजी लेखातच चूक असेल तर ती पण भाषांतरित होऊन येते.

आणि लेख सेव्ह केल्यावर वरच्या चांदणीवर क्लिक करून तो लक्ष ठेवायच्या पानांच्या यादीत टाका, म्हणजे कोणी काही बदललं तर तुम्हाला दिसेल. सरकारी वेबसाइटवरचे रिपोर्ट फार पटकन गायब होतात, म्हणून संदर्भ जोडायच्या दिवशीच त्या पानाची प्रत वेबॅक मशीनवर (वेब पानांच्या जुन्या प्रती जपून ठेवणारी साइट) सेव्ह करून तीही लिंक संदर्भात घाला.