विमान आपल्याकडे वळतं तेव्हा

रिमोटचं विमान शिकताना खरी फजिती होते ती ते आपल्याकडे तोंड करून परतताना. डावं-उजवं उलटतं आणि हात गोंधळतो. अशा वेळी जो पंख खाली झुकलाय, स्टिक त्याच बाजूला हलकेच ढकलायची; पंख सरळ होतो.

कोकणात दुपारचा खारा वारा नवशिक्याला झेपत नाही, म्हणून सकाळी लवकर उडवा. पण तेव्हाचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, उडवलंत तर बघता बघता विमान लाटांवर. माझं पहिलं तसंच गेलं. त्यापेक्षा भातकापणी झालेला मळा बरा. पुळणीवर मोटरीत रेती शिरते ती वेगळीच. चिमूटभर सुकं गवत सोडून वारा बघा आणि विमान वाऱ्याच्या तोंडावरच सोडा.