वेली गुलाब छाटायचा कमी, वाकवायचा जास्त

वेली गुलाबाबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते: वेल दहा फूट गेली, पानांनी भरली, पण फुलं येतात ती शेंड्याला चार-पाच. मग खत वाढवलं जातं आणि आणखी पानं येतात. शेवटी हस्त नक्षत्र सरलं की बागेतल्या इतर गुलाबांबरोबर त्यालाही गुडघ्याएवढा छाटतात, आणि त्या हंगामाची फुलंच हातची जातात. दोष खताचा नसतो, फांदी सरळ उभी वाढू देण्याचा असतो.

उभ्या फांदीत शेंड्याचा डोळा खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक खाली उतरतं आणि बाजूचे डोळे झोपलेले राहतात. तीच फांदी आडवी बांधली की शेंड्याचा हा धाक कमी होतो आणि पेरापेरावर आखूड फुटवे येतात. वेली गुलाबाची फुलं या फुटव्यांच्या टोकाला लागतात. खालचं सगळं काम या एका गोष्टीच्या अवतीभोवती आहे.

आधी जात. वास हा जातीचा गुण आहे. खताने मुळात नसलेला वास येत नाही. देशावरच्या हवेत तीन जाती भरवशाच्या आहेत. ‘डॉन जुआन’ (१९५८) मखमली गडद लाल, आठ-दहा फुटांत आवरणारा, म्हणून छोट्या अंगणाला आणि गच्चीला योग्य. ‘क्लायम्बिंग क्रिमसन ग्लोरी’ला जुन्या देशी गुलाबासारखा दाट वास, तो जास्त पसरतो आणि त्याला भिंत किंवा लांब कुंपण लागतं. तिसरा ‘मार्शल नील’, फ्रान्समध्ये १८६४ साली आलेला फिकट पिवळा गुलाब. युरोपच्या थंडीत त्याला काचघरात ठेवावं लागे, आपल्या उन्हात तो खूश असतो. त्याच्या फुलांची मान नाजूक असते आणि फूल खाली झुकतं. त्यामुळे तो फाटकावरच्या कमानीवर किंवा मांडवावरच चढवावा, म्हणजे खालून जाणाऱ्याला फूल समोरून दिसतं. कमरेएवढ्या कुंपणावर त्याचं सौंदर्य वाया जातं.

नर्सरीतल्या चिठ्ठीवर विसंबू नका. रोप फुलावर असताना, सकाळी, अर्धवट उमललेलं फूल हुंगून घ्या. दुपारी उन्हाने सुगंधी तेलं उडून गेलेली असतात आणि चांगल्या जातीचा वासही फिका वाटतो. डोळा भरलेलं, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या खुंटावर या जातीचा डोळा बसवून केलेलं कलम घ्या. जोडाची जागा घट्ट, फुगीर आणि चिरा नसलेली असावी, आणि जोडाच्या वर निदान दोन जाडसर फांद्या असाव्यात.

जागेला सहा तास ऊन हवं, तेही सकाळचं असेल तर उत्तम. पूर्वेची भिंत सर्वांत चांगली. पश्चिमेची भिंत एप्रिल-मेमध्ये, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, संध्याकाळी उशिरापर्यंत धग सोडते. तिथे कळ्या करपतात आणि लाल कोळी माजतो. भिंतीच्या अगदी बुडाशी लावू नका, दीड फूट पुढे लावा. पायाजवळच्या मातीत चुना-सिमेंटचा राडा असतो आणि पावसाचं पाणीही नीट पोचत नाही.

लावणी दसऱ्यापासून डिसेंबरपर्यंत. खड्डा दोन फूट लांब, रुंद आणि खोल. काढलेल्या मातीत एक तृतीयांश चांगलं कुजलेलं शेणखत, पाव किलो निंबोळी पेंड आणि पाव किलो बोनमील मिसळून खड्डा भरा, पाणी सोडा आणि आठवडाभर बसू द्या. कच्चं शेणखत घातलं तर मुळं भाजतात, शिवाय वाळवी आणि हुमणीला आमंत्रण मिळतं. काळी चिकण माती असेल तर खड्ड्याच्या तळाशी विटांचे तुकडे घालण्याची पद्धत आहे, पण भोवतालची माती पाणी ओढून घेत नसेल तर तो खड्डा पावसाळ्यात हौद बनतो. त्यापेक्षा जमिनीवर नऊ इंच ते एक फूट उंचीचा वाफा करा आणि मातीत पोयटा व जाड वाळू मिसळा. रोप लावताना कलमाचा जोड मातीच्या वर दीड-दोन इंच राहिला पाहिजे. जोड पुरला तर आपल्या दमट पावसाळ्यात तिथे कूज धरते, आणि खुंटाची फूट ओळखणंही अवघड होतं.

आधार लावणीआधीच उभा करा. नंतर भिंतीला भोकं पाडताना मुळं तुडवली जातात. दहा-बारा गेजची गॅल्व्हनाइज्ड तार घ्या. पहिली जमिनीपासून दीड फुटावर, पुढच्या प्रत्येकी सव्वा-दीड फुटाच्या अंतराने. तारा भिंतीपासून चार इंच पुढे ताणलेल्या हव्यात, म्हणजे पानांमागून हवा खेळते आणि भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) कमी येते. गुलाबाला ताणे नसतात, तो स्वतःहून काहीच धरत नाही. प्रत्येक फांदी बांधावीच लागते. बांधायला सुतळी किंवा जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या वापरा आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फास घ्या: एक वेढा तारेला, एक फांदीला, मध्ये पीळ. तारेने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळलेली फांदी जाड होताना कापली जाते.

आता वाकवणं. जमिनीजवळून निघालेली नवी फांदी चार-पाच फुटांची झाली की हे काम करा. ती हिरवी असते, तळाशी किंचित लाकडी होऊ लागलेली, पण अजून लवचिक. जुनी तपकिरी फांदी वाकवायला गेलात तर बुडाशी तडकते. एका दिवसात आडवी करू नका. तळाशी एका हाताने धरा, दुसऱ्या हाताने शेंड्याकडून हळूहळू कमान करत तिरपी आणा आणि बांधा. आठ-दहा दिवसांनी सुतळी सोडून आणखी खाली, तारेच्या रेषेत आणा. शेंडा अगदी जमिनीकडे झुकवू नका. तसं केलं तर बुडातून नवा जोरकस फुटवा उभा राहतो आणि आडवी फांदी मागे पडते. भिंतीवर फांद्या पंख्यासारख्या दोन्ही बाजूंना पसरवा. कमान किंवा खांब असेल तर जिन्यासारख्या तिरक्या गुंडाळत न्या. सरळ वर नेलेल्या खांबाला फुलं फक्त टोकाला येतात.

पहिली दोन वर्षं सिकेटर (छाटणीची कात्री) जवळपास खिशातच ठेवा. मेलेली, रोगट, काडीसारखी बारीक फांदी तेवढी काढा. नावात ‘क्लायम्बिंग’ असलेल्या बऱ्याच जाती मूळ झुडपी गुलाबातून अचानक निघालेल्या वेली फांदीपासून वाढवलेल्या असतात. अशा कोवळ्या वेलीची खरड छाटणी केली तर ती पुन्हा झुडपासारखी वाढू लागण्याची भीती असते. तिसऱ्या वर्षापासून ऑक्टोबरमध्ये, पाऊस पूर्ण थांबल्यावर, मुख्य फांद्या चार ते सहाच ठेवा आणि त्यांना हात लावू नका. त्यांच्यावरचे फुलून गेलेले फुटवे दोन-तीन डोळे राखून छाटा. कात्री डोळ्याच्या पाव इंच वर, तिरपी चालवा. दरवर्षी सर्वांत म्हातारी एक फांदी बुडापासून काढून तिच्या जागी नवी बसवा. जाड कापावर कॉपर ऑक्सिक्लोराईड या बुरशीनाशकाची पेस्ट त्याच दिवशी लावा. नाहीतर काप काळा पडत फांदी वरून खाली वाळत जाते. ‘डायबॅक’ म्हणतात तो हाच. तो दिसला तर काळ्या भागाच्या दोन इंच खाली, आतला गर स्वच्छ पांढरट-हिरवा दिसेपर्यंत कापा.

छाटणीनंतर साधारण दीड ते दोन महिन्यांत फुलं येतात. छाटणीच्या वेळी आळ्यात पाच किलो शेणखत आणि २०० ग्रॅम निंबोळी पेंड द्या. पुढे मार्चपर्यंत पंधरवड्याने पेंडीचं पाणी: एक किलो शेंगदाणा पेंड दहा लिटर पाण्यात चार-पाच दिवस भिजवून, ते दहापट पाण्यात मिसळून झाडाला दोन-तीन लिटर. युरियाचा मोह टाळा. त्याने लुसलुशीत पानं येतात, मावा येतो आणि फुलं मागे पडतात. पाणी हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा पंधरा-वीस लिटर, उन्हाळ्यात दिवसाआड, आणि आळ्यावर वाळक्या पानांचं तीन इंच आच्छादन. काळ्या मातीत मात्र बोट दोन इंच खुपसून ओल पाहिल्याशिवाय पाणी देऊ नका. सुकलेलं फूल पाच पर्णिकांच्या पहिल्या पूर्ण पानापर्यंत मागे खुडा, पुढची कळी लवकर धरते.

पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती चुनखडीच्या जमिनीत लोह न मिळाल्याची खूण आहे. लिटरला पाच ग्रॅम फेरस सल्फेट आणि थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारा, दहा दिवसांनी पुन्हा एकदा. पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके पडून ती गळतात. कोकणात हा त्रास सर्वांत मोठा. गळलेली पानं रोज उचला, पाणी पानांवर मारू नका आणि लिटरला अडीच ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड उघडीप पाहून फवारा. थंडीत भुरी येते. तिला लिटरला दोन ग्रॅम पाण्यात मिसळणारं गंधक पुरतं, पण पारा ३२ अंशांवर असेल तर ते पानं भाजतं, तेव्हा फवारू नका. फेब्रुवारीनंतर कळ्यांच्या कडा तपकिरी होऊन त्या वाकड्या उमलल्या तर फुलकिडे आहेत. खराब कळ्या खुडून दूर टाका आणि निंबोळी अर्क मारा. उन्हाळ्यात पानांच्या मागे बारीक जाळी आणि वरून फिकट ठिपके म्हणजे लाल कोळी. पानांच्या खालून पहाटे पाण्याचा जोरदार फवारा तीन-चार दिवस ओळीने मारला की बराच आटोक्यात येतो.

जुन्या फांद्यांवर पांढरट-करडे खवले दिसले की थांबू नका. ही खवले कीड रस शोषून अख्खी फांदी वाळवते आणि बांधलेल्या जागी, सुतळीच्या आड, आधी सुरू होते. जुना दातांचा ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून ती घासून काढा आणि त्याच वेळी सुतळ्या बदला.

जोडाच्या खालून किंवा मातीतून वेगळ्याच पानांचा फुटवा आला तर तो खुंटाचा. वरून छाटला तर तिथूनच दुप्पट फुटतो. माती बाजूला करून, जिथून निघाला तिथे पकडून खाली ओढून उपटा.

गच्चीवर लावायचा तर निदान दीड फूट रुंद आणि तितकीच खोल कुंडी, आणि जात ‘डॉन जुआन’च. कुंडीतलं पाणी उन्हाळ्यात रोज लागेल, आणि दर दोन वर्षांनी नोव्हेंबरमध्ये वरची चार इंच माती काढून नवी खतमाती भरावी लागेल.